ब्रोमीनचा जमाखर्च

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे, आणि कुंडलिकेच्या काठच्या या व्यापारी गावास ती शोभतेही. कापसाची उलाढाल, बियाण्यांचा व्यापार, भंगार वितळवून लोखंडी सळया काढणाऱ्या भट्ट्या, यांपैकी कोणत्याही पेढीवर जाऊन बसावे, तर प्रश्न एकच ऐकू येतो : माल आला किती, गेला किती, आणि पदरात पडले काय? ज्या विषयावर आज आम्ही ही चार पाने खर्च करणार आहो, तो वरवर पाहता या पेढ्यांपासून पुष्कळच दूरचा आहे. परंतु त्याचा विचार करताना आम्हांस हा व्यापाऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हा आठवला, म्हणून आरंभीच त्याचा उल्लेख केला.

गेल्या हिवाळ्यात काही घरगुती कारणाने आम्हांस जालन्यास जावे लागले. तेथील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी आग्रहाने आपली प्रयोगशाळा दाखविली. भिंतीतील कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, वाळू भरलेल्या डब्यात रोवून ठेवलेली एक जाड काचेची बाटली होती. तिच्या तळाशी काळपट तांबडा द्रव आणि वर नारिंगी वाफ. ते ब्रोमीन होते. वरच्या कप्प्यात आयोडीनची लहानशी कुपी, आणि तिच्या शेजारी बरणीत चक्क तुरटीचे खडे. न्हाव्याच्या पेटीतील ही वस्तू येथे कशी, असे आम्ही विचारले, तेव्हा स्नेही हसून म्हणाले, “अहो, आमचे निम्मे काम आता तिच्यावरच चालते. ती खालची बाटली वर्षातून एकदोनदा उघडली तर उघडली.”

हे वाक्य आमच्या मनात राहून गेले. ज्या ब्रोमीनच्या बळावर आपल्या देशात सेंद्रिय रसायनाच्या एका मोठ्या शाखेचा पाया पडला, ते तळच्या कप्प्यात गेले आणि तुरटी वर आली, ही प्रगती म्हणावी की गरिबीने काढलेली पळवाट? प्रश्नाचा उलगडा करावयाचा, तर शंभर-दोनशे वर्षे मागे जाणे प्राप्त आहे.

ब्रोमीनचा शोध १८२६ साली लागला. फ्रान्समधील माँपेल्ये येथील अँत्वान बालार हा त्या वेळी अवघा तेविशीचा तरुण होता. मिठागरातील मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, त्यावर क्लोरीनचा प्रयोग करीत असता त्यास हा तांबडा द्रव मिळाला. त्याच्या उग्र वासावरून, दुर्गंध या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून, त्याचे नामकरण झाले. जर्मनीत ल्योविख यानेही एका झऱ्याच्या पाण्यातून तोच पदार्थ स्वतंत्रपणे काढला होता. परंतु प्रसिद्धीस उशीर झाला आणि मान बालारकडे गेला. याहूनही चुटपूट लावणारी गोष्ट लीबिगची. त्याच्याकडे हा द्रव बालारच्याही आधी आला होता, पण तो आयोडीन व क्लोरीन यांचे संयुग असावा असे ठरवून त्याने बाटलीवर तशी चिठ्ठी लावून टाकली. पुढे खरा प्रकार कळल्यावर त्याने ती बाटली एका वेगळ्या कपाटात ठेवली, आणि त्या कपाटास तो आपल्या चुकांचे कपाट म्हणत असे. असे कपाट ठेवण्याचे धैर्य किती पंडितांस असते, हे आम्ही सांगावयास नको.

माणसाने ब्रोमीन ओळखले उशिरा. वापरले मात्र फार पूर्वीपासून. भूमध्य समुद्राच्या काठी टायर येथे सागरी शंखांपासून जो राजवस्त्रांचा जांभळा रंग काढीत, त्याचा रेणू १९०९ साली फ्रीडलेंडर याने उलगडला. बारा हजार शंखप्राणी खर्ची घालून त्यास १.४ ग्रॅम रंग मिळाला, आणि तो निघाला आपल्या निळीचाच रेणू, फक्त दोन ठिकाणी हायड्रोजनऐवजी ब्रोमीन बसलेला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमीन क्षाररूपाने असते. एवढ्याशा पुंजीतून तो क्षुद्र जीव ते उचलतो आणि नेमक्या जागी नेऊन बसवितो. ते तो कसे साधतो, हे पुढे येईल.

साध्या हवेत द्रवरूप असणारी मूलद्रव्ये दोनच : पारा आणि ब्रोमीन. ब्रोमीन पाण्याच्या तिपटीहून जड, ५९ अंशांस उकळणारे, आणि कातडीस लागल्यास खोल जखम करणारे. आमच्या विद्यार्थिदशेत त्याचा एक थेंब आमच्या करंगळीवर पडला होता. प्रयोगशाळेतील धूर ओढणारा पंखा कित्येक महिने बंद होता, म्हणून आम्ही खिडकीपाशी उभे राहून बाटली उघडीत होतो, आणि वाऱ्याच्या झोताने डोळ्यांत वाफ गेली तसा हात हलला. गुरुजींनी तत्काळ छायाचित्रकारांच्या उपयोगाच्या हायपोच्या द्रावणात बोट बुडविले. तरीही व्रण आजतागायत आहे. ब्रोमीनविषयी आम्ही लिहितो त्यात थोडा आकस दिसल्यास वाचकांनी तो या करंगळीच्या खाती मांडावा.

असे असूनही रसायनज्ञ त्यास सोडीत नाहीत, याचे कारण त्याचा स्वभाव. दोन कार्बन अणू जेथे दुहेरी बंधाने जोडलेले असतात, तेथे ब्रोमीन धावून जाते. तो बंध एकेरी होतो आणि दोन्ही कार्बनांवर एकेक ब्रोमीन बसतो. द्रावणात थेंब पडावा आणि तांबडा रंग पाहता पाहता नाहीसा व्हावा, हे दृश्य ज्याने पाहिले असेल त्यास ते विसरता येत नाही. दोन्ही ब्रोमीन एकाच बाजूने न बसता बहुधा विरुद्ध बाजूंनी बसतात. असे का होते, याची समर्पक उपपत्ती रॉबर्ट्स व किंबॉल यांनी १९३७ साली मांडली. शिवाय बसलेला ब्रोमीन हलक्या हाताने काढताही येतो, आणि जाताना तो मागे नवा बंध जुळवून जातो. येण्यात तत्पर आणि जाण्यातही तत्पर, असा हा पाहुणा आहे. त्याच्या या दुसऱ्या गुणाचा उपयोग करूनच फ्लेव्होन नावाचे रेणू प्रथम घडविण्यात आले, आणि येथून आपली गोष्ट महाराष्ट्राकडे वळते.

फ्लेव्होन व त्याचे भाऊबंद म्हणजे वनस्पतींच्या पिवळेपणाचे एक मोठे कुटुंब. वाचकांस नावे अपरिचित वाटतील, वस्तू मात्र घरच्या आहेत. कांद्याच्या तांबूस टरफलात क्वेर्सेटीन असते, ते या कुटुंबातले. पळसाची फुले उकळून होळीस जो केशरी रंग करतात त्यात ब्यूटीन नावाचे द्रव्य असते. पर्किन व हमेल यांनी १९०४ साली ते वेगळे काढले, आणि ते चाल्कोन या जातीचे आहे. करंजाच्या बियांत करंजिन असते, ते फ्लेव्होनच्या सांगाड्यास आणखी एक कडे जोडून झालेले. पळस आणि करंज ही दोन्ही झाडे जालन्याच्या आसपास कोणासही ओळखता येतील. चाल्कोनमधून दोन हायड्रोजन अणू काढून कडे मिटविले की फ्लेव्होन होतो. कागदावर पाहिले तर हे अंतर एका पावलाचे आहे. परंतु ते पाऊल टाकावे कसे, हाच प्रश्न होता.

बर्न येथे कोस्टानेत्स्की याने आपला सहकारी एमिलेविच याच्यासह १८९८ साली त्यास उत्तर दिले. प्रथम चाल्कोन करावयाचे. त्यावर ब्रोमीन सोडून त्याचे डायब्रोमाइड, म्हणजे दोन ब्रोमीन बसलेले रूप, तयार करावयाचे. आणि मग ते मद्यार्कात विरघळविलेल्या दाहक पोटॅशबरोबर तापवावयाचे. दोन्ही ब्रोमीन निघून जातात, कडे मिटते आणि फ्लेव्होनचे स्फटिक खाली बसतात. यास न मोठे यंत्र लागते, न दुर्मिळ धातू. चंबू, थेंबथेंब सोडण्याची नळी, दिवा आणि गाळणकागद असले की झाले. ज्या देशात प्रयोगशाळा थोड्या व पैसा त्याहून थोडा, तेथे ही कृती रुजली नसती तरच नवल.

ती मुंबईत रुजली. जेकब ससून, कावसजी जहांगीर, करीमभाई इब्राहिम व वसनजी मुळजी यांच्या देणग्यांतून उभी राहिलेली रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९२० साली सुरू झाली. १९३० नंतरच्या दशकात टी. एस. व्हीलर हे आयरिश रसायनज्ञ तिचे प्राचार्य होते. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी, ज्यांत नाडकर्णींसारखी आपल्याकडची नावे आढळतात, चाल्कोन आणि त्यांची डायब्रोमाइडे यांच्यावर निबंधांमागून निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हचिन्स व व्हीलर यांचा डायब्रोमाइडांपासून फ्लेव्होन करण्यावरचा निबंध १९३९ सालचा आहे.

या कामाविषयी एक गैरसमज आहे. विलायतेत झालेली कृती येथे नव्या नव्या पदार्थांवर करून पाहिली, यापलीकडे त्यात काय आहे, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. परंतु कोस्टानेत्स्कीची कृती वाटते तितकी सरळ नव्हती. पोटॅशने ब्रोमीन काढताना कडे दोन प्रकारांनी मिटू शकते. सहा अणूंचे मिटले तर फ्लेव्होन. पाच अणूंचे मिटले तर ऑरोन, म्हणजे डेलिया व स्नॅपड्रॅगन यांच्या पिवळ्या पाकळ्यांतले द्रव्य. दोन्हींचे रेणुसूत्र एकच, वजन तेच. डोळ्यांस दोन्ही पिवळसर स्फटिकच दिसणार. आज जे यंत्र काही मिनिटांत फरक सांगते ते तेव्हा नव्हते; वितळणबिंदू पाहावा, रेणू तोडून तुकडे ओळखावे, स्वतंत्र मार्गाने तोच पदार्थ करून ताडून पाहावा, एवढीच साधने. कोणता गट कोठे बसला असता कडे कोणत्या बाजूस मिटते, अल्कली तीव्र असता काय होते, सौम्य असता काय, मोकळा हायड्रॉक्सिल गट झाकून ठेवला तर काय, याचा उलगडा शेकडो चंबू धुतल्यावाचून होण्यासारखा नव्हता. तो मुंबईत झाला, आणि डायब्रोमाइडांपासून ऑरोन करण्याच्या एका रीतीस आजही व्हीलरचे नाव आहे. पुनरावृत्ती आणि पडताळणी यांत फरक असतो, तो येथे दिसतो.

आता व्यापाऱ्याचा प्रश्न विचारू. २२२ ग्रॅम फ्लेव्होन हाती यावा, तर त्यासाठी ब्रोमीन लागते १६० ग्रॅम. परंतु तयार झालेल्या फ्लेव्होनमध्ये ब्रोमीनचा एकही अणू नसतो! जेवढे आत गेले तेवढे सर्व बाहेर आले. तेही ब्रोमीन म्हणून नव्हे, तर पोटॅशियम ब्रोमाइड या क्षाराच्या रूपाने, २३८ ग्रॅम. म्हणजे मालाहून उकिरडा जड, आणि पोटॅश खर्ची पडला तो निराळाच. सौदा जुळवून देणारा दलाल दोन्ही पक्षांकडून दलाली घेऊन निघून जातो, तसा हा प्रकार. लहान चंबूत हे खपून जाते. मणाच्या हिशेबाने करू म्हटले तर दिवाळे निघेल.

ब्रोमीनला वगळण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न हिशेबासाठी झाला नाही, रेणूच्या बांधणीच्या विचारातून झाला. इंग्लंडात विल्सन बेकर यांनी १९३३ साली आणि लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजात के. वेंकटरामन यांनी हरबन्स सिंग महल यांच्यासह १९३४ साली, परस्परांपासून स्वतंत्रपणे, एक अभिक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात अल्कलीच्या योगाने रेणूतील एक गट एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसतो, आणि मग आम्लाने कडे मिटले की फ्लेव्होन तयार. ब्रोमीनचे नाव नाही. ही अभिक्रिया जगभर बेकर-वेंकटरामन या जोडनावाने ओळखली जाते. वेंकटरामन त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविभागात आले, १९३८ ते १९५७ पर्यंत त्यांनी तो विभाग चालविला, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक झाले.

पुण्यात याच काळात एक निराळ्या वळणाचे गृहस्थ काम करीत होते, दत्तात्रय बाळकृष्ण लिमये. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये बसून त्यांनी करंजाच्या तेलातून करंजिन काढले. त्यासंबंधीची त्यांची पहिली टिपणे १९२५ च्या सुमारास सायन्स काँग्रेसपुढे आली. १९३६ पासून त्यांनी ‘रसायनम्’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. संस्कृत नावाचे संशोधनपत्र चालविण्याची ही हौस काहींस विक्षिप्त वाटली असेल. आम्हांस ती फार आवडते. रिसॉर्सिनॉलच्या दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधोमध, जेथे सहसा काही जात नाही, तेथे दुसरा गट बसविण्याची युक्ती त्यांनी काढली आणि तिला ‘निधोन’ कृती असे नाव दिले. त्या जागी गट बसविता आल्यावाचून करंजिनसारख्या रेणूंची कृत्रिम बांधणी अवघड होती. या युक्तीतील मुख्य पायरीस अॅल्युमिनियम क्लोराइड लागते.

अॅल्युमिनियम क्लोराइडाचे नाव निघाले तेथे थोडे थांबले पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकांत त्यास सरसकट उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरणाची कल्पना बर्झेलियसने १८३५ साली मांडली : जो पदार्थ आपल्या सान्निध्याने क्रिया घडवून आणतो व स्वतः खर्च होत नाही, तो उत्प्रेरक. आपल्या वैद्यकात मधास योगवाही म्हणतात, म्हणजे ज्याच्या संगतीस जाईल त्याचे गुण वाढविणारा. ती उपमा येथे पुरती लागू पडत नाही, तरी जवळची आहे. आता अॅल्युमिनियम क्लोराइड पाहा. लिमये यांच्या कृतीत काय किंवा त्या प्रकारच्या इतर कृतींत काय, ते चिमूटभर घालून भागत नाही. मूळ पदार्थाच्या बरोबरीने, बहुधा अधिकच, घालावे लागते, कारण तयार झालेला पदार्थ त्यास घट्ट धरून ठेवतो. शेवटी पाणी ओतून त्याची वाट लावावी लागते, आणि मागे उरतो आम्लाचा धूर व अॅल्युमिनियमचा चिकट साका. जो पाहुणा यजमानाइतकेच जेवतो व परत निघत नाही, त्यास योगवाही कसे म्हणावे? नावात उत्प्रेरक असणे आणि हिशेबात उत्प्रेरक असणे या दोन गोष्टी आहेत.

मुंबई-पुण्यात हे चालले असता जालन्यात काय होते? जालना निजामाच्या राज्यात होते. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी आगगाडी गावावरून जात असे आणि ज्या थोड्या मुलांस विज्ञान शिकावयाचे असे त्यांतील बरीच तिने हैदराबादेस जात. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात रसायनशास्त्रही उर्दूतून शिकवीत. देशी भाषेत उच्च विज्ञान शिकविण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, हे कबूल करूनही म्हणावे लागते की घरी मराठी बोलणाऱ्या मुलास ती परभाषाच होती. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५८ साली स्थापन झाले, आणि जालना हा वेगळा जिल्हा व्हावयास १९८१ चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागला. व्हीलरचे विद्यार्थी ज्या वेळी फ्लेव्होन आणि ऑरोन यांचा तंटा सोडवीत होते, त्या वेळी जालन्याच्या मुलास महाविद्यालयाचे दार पाहण्यासाठी गाव सोडावे लागे. या उशिराची आठवण ठेवूनच पुढच्या गोष्टीकडे पाहिले पाहिजे.

पुढची गोष्ट विदर्भात घडली. चाल्कोनांवर काम करण्याची परंपरा तेथील महाविद्यालयांत चांगली मुरलेली होती. १९८६ साली डोशी, घिया व सहकाऱ्यांनी चाल्कोनचा फ्लेव्होन करण्याची एक कृती प्रसिद्ध केली : चाल्कोन डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रवात विरघळवावे, आयोडीनचा एक लहानसा खडा टाकावा आणि तापवावे. बस्स. आयोडीन हे ब्रोमीनचे धाकटे, शांत भावंड. ते चाल्कोनमधील हायड्रोजन काढून घेते व स्वतः हायड्रोजन आयोडाइड होते. पण भोवतालचा द्रव त्याचे लगेच पुन्हा आयोडीन करतो, आणि तेच आयोडीन पुढच्या रेणूकडे जाते. कोस्टानेत्स्कीचे ब्रोमीन आले आणि क्षार होऊन गेले. हे आयोडीन आले आणि आयोडीन म्हणूनच परतले. एका खड्याने पुष्कळ रेणूंचे काम होते. दलालाच्या जागी आता नावाडी आला, जो माणसे पैलतीरी सोडून रिकामी नाव घेऊन परततो.

फुकट मात्र काहीच होत नाही. चाल्कोनमधून निघालेले हायड्रोजन शेवटी त्या द्रवालाच घ्यावे लागतात, आणि त्याचे पाणी व डायमिथिल सल्फाइड होते. २२२ ग्रॅम फ्लेव्होनमागे पाणी १८ ग्रॅम आणि सल्फाइड ६२ ग्रॅम. २३८ ग्रॅम क्षाराच्या मानाने हा खर्च थोडा खरा. परंतु या सल्फाइडाला कुजक्या कोबीसारखी इतकी घाण येते की बालारने ते हुंगले असते, तर दुर्गंधाचे नाव ब्रोमीनला देण्यापूर्वी त्याने दोनदा विचार केला असता.

मराठवाड्यातही ही हवा आली. औरंगाबादच्या विद्यापीठात मुरलीधर शिंगारे व त्यांच्या शिष्यपरिवाराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तुरटीस उत्प्रेरक करून अनेक संयुगे घडविली. तुरटी सौम्य आम्लधर्मी, स्वस्त, विषारी नव्हे, आणि पाण्यात विरघळत असल्यामुळे कृतीच्या शेवटी धुऊन वेगळी करता येणारी. जालन्याच्या प्रयोगशाळेतील ती बरणी याच परंपरेतली.

येथे आम्हांस थोडे कडू बोलावयाचे आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडील महाविद्यालयांतून निघालेले रसायनविषयक निबंध चाळले, तर ‘कार्यक्षम उत्प्रेरक’ हे शब्द शीर्षकात इतक्या वेळा येतात की लग्नपत्रिकेतील ‘चिरंजीव’सारखे ते वाचेनासे होतात. आत पाहावे तर कित्येकदा तो उत्प्रेरक मूळ पदार्थाच्या पाव हिश्शाने, क्वचित बरोबरीने घातलेला. पुन्हा वापरून पाहिलेला नाही. आणि पदार्थ शुद्ध करण्यास किती मद्यार्क व इथर ओतले, याचा तर उल्लेखच नाही. कृतीस वीस मिनिटे लागली हे सांगावयाचे, आणि धुण्यास बादलीभर द्रावक लागले हे सांगावयाचे नाही, याला जमाखर्च म्हणत नाहीत. हा दोष एका गावाचा किंवा एका देशाचाही नाही. परंतु उशिरा आलेल्यांनी घाईने मोठे शब्द वापरण्याचा मोह टाळावा असे आम्हांस कळकळीने वाटते, कारण त्यामुळे खरे चांगले कामही झाकले जाते. विदर्भातील तो आयोडीनचा खडा कोणत्याही विशेषणावाचून चांगला आहे.

मग ब्रोमीन हद्दपार झाले काय? तसे नाही. फ्लेव्होनसाठी ते केवळ मध्यस्थ होते. पण औषधांत व रंगांत पुष्कळ ठिकाणी ब्रोमीन अखेरपर्यंत रेणूवर राहावे लागते, किंवा निदान पुढच्या पायरीपर्यंत. पॅलेडियम धातूच्या अल्पांशाने दोन कार्बन सांगाडे जोडण्याच्या ज्या रीतींबद्दल हेक, नेगिशी व सुझुकी यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांत ब्रोमीन बसलेला कार्बन ही धरावयाची मूठच असते. ती मूठ बसवावी कशी, यातही हिशेब शिरला आहे. बेंझिनसारख्या कड्यावर ब्रोमीन बसविताना त्याच्या दोन अणूंपैकी एक कड्यावर जातो आणि दुसरा हायड्रोजन ब्रोमाइड होऊन वाया जातो. म्हणजे निम्मा माल रस्त्यातच सांडला. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने यावर तोड काढली. ब्रोमाइडाचे दोन भाग व ब्रोमेटाचा एक भाग असे क्षारांचे मिश्रण करावयाचे. ते कपाटात निमूटपणे बसून राहते, आणि आम्ल मिळताच तिन्ही ब्रोमीन कामास येतात. आणि हे मिश्रण कशातून? मिठागरातील त्याच कडवट पाण्यातून, जे बालारने १८२६ साली हाती घेतले होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अरुमुगम सुदलै व सहकाऱ्यांनी २००३ साली साध्या ब्रोमाइड क्षारापासून सोडियम परआयोडेटाच्या साह्याने हेच काम करून दाखविले. बाटली न उघडता ब्रोमीन वापरण्याची ही विद्या आमच्या विद्यार्थिदशेत असती, तर आमची करंगळी आज धड असती.

शंखप्राण्याचे गूढ मात्र या सर्वांहून सरस आहे. समुद्रातील एका तपकिरी शेवाळात व्हॅनेडियम धातू धारण करणारे एक विकर असते, असे १९८४ च्या सुमारास आढळले. समुद्रातील ब्रोमाइड घ्यावयाचे, हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यास जागे करावयाचे आणि हवे तेथे बसवावयाचे. मागे उरते ते केवळ पाणी, आणि विकर जसेच्या तसे. टायरच्या शंखांतही याच धर्तीची ब्रोमीन बसविणारी विकरे काम करतात. फ्रीडलेंडरने बारा हजार शंख फोडून रंग हाती घेतला. तो करण्याची रीत त्या शंखांतच होती, ती दिसावयास आणखी पाऊण शतक लागले. व्हॅनेडियम, पेरॉक्साइड आणि ब्रोमाइड यांची ही त्रयी आता अनेक प्रयोगशाळांत वापरतात. तिला दुर्मिळ यंत्र लागत नाही. जालन्यासही ती परवडेल.

त्या दिवशी प्रयोगशाळेत एक विद्यार्थिनी काम करीत होती. भोकरदनकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. चाल्कोनमध्ये आयोडीनचा खडा टाकून तिने चंबू तापत ठेवला होता, आणि आमच्या स्नेह्यांच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्या वहीत पानाच्या मध्ये उभी रेघ होती : डावीकडे आत काय घातले त्याची वजने, उजवीकडे बाहेर काय आले त्याची. फ्लेव्होन, उरलेला चाल्कोन, धुतलेले पाणी, परत मिळविलेला द्रावक, सर्व लिहिलेले. बेरीज मात्र जुळत नव्हती. उजवी बाजू काही ग्रॅमांनी कमी पडत होती. खोलीत कुजक्या कोबीचा वास भरला होता आणि खिडक्या उघड्या होत्या. थोडा वेळ वहीकडे पाहून तिने विचारले, “सर, हा वास कोणत्या रकान्यात लिहायचा?”

“उजव्या,” स्नेही म्हणाले, “आणि उद्या तो पकडायची नळी जोडून मग वजन कर.”